मानवत रोड

साडेगावकरांचा स्टुडिओ मोडला
तेव्हा पडद्यावरचा ताजमहाल कुणीच नेला नाही.
स्टुलं गेली, आरसा गेला,
आणि दोन डोळ्यांचा हा यशिका
मी भंगारवाल्याच्या काट्यावरून उचलला
साडेतीनशे रुपयांत.
बायको म्हणाली, चालतोय का तरी?
चालत असता तर काट्यावर कामून बसला असता?

दिवसभर जिनिंगमध्ये पट्टे, बेअरिंग, ग्रीस.
तिथं काही बिघडलं की अख्ख्या सेलूला ऐकू जातं.
इथं उलटं.
शटर एकच्या आकड्यावर लावावं, दाबावं,
तर आतली चाकं हळूच एकमेकांना विचारत बसतात
जायचं का, जायचं का.

मुनव्वर चाचा घड्याळवाल्यांचं माप असं:
एक सेकंद म्हणजे
तोंडानं एकदा नीट 'मानवत रोड' म्हणायचं.
घाई नाही, हेल नाही.
मी दाबलं.
मानवत रोड, परभणी, मिरखेल, पूर्णा
आणि पाती अजून उघडीच.
"नांदेडकू जाको आता ये," चाचा म्हणाले,
"टिकट निकाल इसका."

उन्हाळ्यांनी केलं हे.
आपल्याकडं मे महिन्यात तेलसुद्धा जागेवर थांबत नाही.
पातळ होऊन थोडं पात्यांवर सरकलं,
राहिलेलं चाकांच्या दातांत
गुळासारखं धरून बसलं.

चाचांचे हात आता कापतात.
म्हणून ते खुर्चीत
आणि त्यांचं भिंग माझ्या डोळ्याला.
जिनिंगच्या वजनपावतीमागं मी घड्याळ काढलं,
पेच निघाला की त्याच्या जागेवर मांडला:
हा बाराचा, हा तीनचा, हा सातचा, जरा आखूड.
"जोर लावू नको," चाचा म्हणाले.
"लावायचाच असला तर घरी जाऊन जेवून ये."

लायटरचं पेट्रोल,
काडीला आमच्याच गंजीतला कापूस.
पहिल्या पुसण्याला तो चहासारखा निघाला,
चौथ्याला पांढरा.
पात्यांना तेल द्यायचं नसतं, हे दोनदा बजावलं मला.
फिटरचा हात. बाटलीकडं जातोच.

मग दुसरं दुखणं.
सातव्या फोटोनंतर रीळ पुढं सरकेना.
बाजूचं कातडं उचकलं, पत्रा काढला,
दातेरी चाकाच्या बगलेत
ज्वारीचा एक दाणा.
रंग विटलेला, पण कुंकवाचाच.

कुणाच्या तरी मांडवात
साडेगावकर घाईत रीळ बदलत असतील,
'सावधान' झालं आणि मागून कुणीतरी
मूठभर अक्षता जोरात भिरकावल्या असतील.
पुढं सातच फोटो.
आठव्यात कोण उभं होतं?
पैसे कापले असतील, शिव्याही दिल्या असतील,
आणि ती नवरी, आता साठीला टेकलेली,
अजून सांगत असेल लेकीसुनांना
की आमच्या विहिणींच्या पंगतीचा फोटोच नाही बाई.

मी दाणा फुंकणारच होतो.
चाचांनी मनगट धरलं,
त्यांच्या हाताबरोबर माझाही कापला.
"काढलेला पुर्जा गिऱ्हाइकाला परत द्यायचा."
गिऱ्हाईक कोण, ते बोलले नाहीत.
दाणा काडेपेटीत ठेवलाय.
वर चिठ्ठी: ज्वारी, नग एक.

रविवारी रीळ भरलं.
दुकानात उजेड कमी, म्हणून पूर्ण एक सेकंद.
"चाचा, हलू नका."
बटण.
मानवत रोड.
टक्.
बरोब्बर फलाटाला.

फोटो धुऊन यायला महिना गेला.
भिंतीवरची सगळी घड्याळं त्यात धारदार,
प्रत्येकाची वेळ वेगळी,
टोपीची वीण मोजून घ्यावी अशी,
फक्त मांडीवर, हातांच्या जागी,
चहावरची असते तेवढी वाफ.

चाचांनी फोटो दाराच्या उजेडात धरला.
तिथं तो सगळाच हलायला लागला.
बराच वेळ बघून म्हणाले,
"सेकंद बराबर है.
हातां का बाद में देखेंगे."